धुळ्याची लाल ओळ

दीपचंदशेठना आपल्या कंपन्या किती असं विचारलं, तर ते बोटं मोजायला सुरुवात करत आणि मध्येच कुणाचा तरी फोन येई. जळगावच्या एमआयडीसीत डाळीच्या गिरण्या, जामनेरला कापसाचं जिनिंग, रावेरला केळीची शीतगृहं, ट्रकांची एक वेगळी कंपनी, त्या ट्रकांना टायर पुरवणारी आणखी वेगळी, आणि धुळ्याला सरकीच्या तेलाची गिरणी. प्रत्येकीचा हिशेब वेगळा, हिशेब लिहिणारा वेगळा आणि त्याचा स्वभावही वेगळा. वर्ष संपलं की या सगळ्यांचा मिळून एकच ताळेबंद मांडायचा असे. त्या दिवसांत जळगावच्या ऑफिसात कुणी कुणाशी धड बोलत नसे. एक्सेलच्या फायली इकडून तिकडे फिरत. कुणी एकीला ‘फायनल’ नाव दिलं की दुसरा लगेच ‘खरी फायनल’ पाठवी.

यंदा मुंबईचे गुंतवणूकदार पैसे घालायला तयार झाले. त्यांनी एकच अट घातली. हे हाताने जुळवणं बंद करा, सगळ्या कंपन्यांचे आकडे एकत्र करून अहवाल देणारं नीट सॉफ्टवेअर घ्या, आणि तेही या महिन्यात. सॉफ्टवेअर निवडायचं काम शेठजींनी चेलनाला दिलं. ती त्यांची थोरली मुलगी, घरातली एकुलती एक सीए, धुळ्यात दिलेली आणि धुळ्याची तेलगिरणी चालवणारी. शेठजींनी विश्वासाने काम सोपवलं, मुंबईकरांनी माना डोलावल्या, सगळे खूश झाले. चेलनाला मात्र त्या आठवड्यापासून जेवण गोड लागेना.

शेवटी दोन सॉफ्टवेअर उरली होती. एक पुण्याच्या कंपनीचं, एक परदेशी. दोघांच्याही माणसांना तिने सांगितलं होतं की तुमचे नमुन्याचे आकडे नकोत, ते नेहमीच जुळतात, आमचे खरे आकडे घालून दाखवा. एवढा शहाणपणा केला नसता तर बिचारी सुखात राहिली असती.

पुण्याच्या सॉफ्टवेअरने सगळ्या कंपन्यांचे आकडे घेतले, गरागरा फिरलं आणि ताळेबंद समोर ठेवला. एका कंपनीने दुसरीला दिलेले-घेतलेले पैसे समूहाच्या ताळेबंदात एकमेकांत वजा होऊन जावे लागतात. जे जुळलं नाही ते त्याने ‘फरक’ नावाच्या खात्यात गुपचूप टाकलं आणि हिरवी खूण केली. कुणालाही काही विचारलं नाही. असा समजूतदार जावई कुणालाही आवडावा.

परदेशी सॉफ्टवेअर हट्टी निघालं. ते मध्येच अडलं आणि पडद्यावर एक लाल ओळ आली. धुळे म्हणते, मला जळगावचे कर्ज देणे आहे. जळगाव म्हणते, धुळ्याकडून मला काहीही येणे नाही. खाली व्याजाच्या दराचा एक रिकामा चौकोन होता. दोन्ही कंपन्यांनी एकच रक्कम सांगून ‘मान्य’ हे बटण दाबेपर्यंत आणि तो चौकोन भरेपर्यंत ते पुढे सरकायला तयार नव्हतं.

‘‘मॅडम, डेटा घेताना काहीतरी राहिलं असेल,’’ सॉफ्टवेअरवाला घाईघाईने म्हणाला.

चेलनाने त्याला चहा घ्यायला पाठवलं आणि जळगावला जीवरामना फोन लावला. जीवराम म्हणजे शेठजींचे सगळ्यात जुने हिशेबनीस. गाव जामनेर, अक्षर मोत्यासारखं आणि शेठजींचा शब्द म्हणजे त्यांना कायदा.

‘‘ताई, राहिलं काही नाही,’’ ते म्हणाले. ‘‘शेठजींनीच सांगितलं होतं तेव्हा. लेकीला दिलेलं येणं म्हणून लिहायचं नसतं. मग मी ते त्याच वर्षी भेट म्हणून टाकून दिलं.’’

‘‘आणि मी दर वर्षी शिल्लक कळवणारं पत्र पाठवत होते, तुम्ही सही करून परत पाठवत होता, ते?’’

‘‘ती सही पत्र पोचल्याची होती, ताई.’’

‘‘मान्य असल्याची नाही?’’

‘‘पोचल्याची. जुने ऑडिटर साहेब तो फरक ‘इतर’मध्ये बसवायचे. फार भला माणूस होता.’’

चेलनाने फोन ठेवला आणि ती लाल ओळ पुन्हा वाचली. रकमेसाठी नव्हे, रक्कम तिला पाठ होती.

धुळ्याची ही तेलगिरणी बंद पडून विकायला निघाली तेव्हा तिने वडिलांना बजावून सांगितलं होतं, बाऊजी, पैसे कंपनीकडून द्या आणि कर्ज म्हणून द्या. शेठजी ‘हो हो’ म्हणाले होते. व्याजाचा विषय तिने काढला की त्यांना खोकला येई. गिरणी चालायला लागल्यावर तिने पहिला हप्ता पाठवला तर दुसऱ्या दिवशी पैसे परत. बँकेची चूक असेल म्हणून तिने पुन्हा पाठवले, पुन्हा परत. ‘‘घेऊ गं सोयीने,’’ शेठजी म्हणाले. तेव्हापासून ती हप्त्याचे पैसे बँकेत मुदतीच्या ठेवीत बाजूला टाकत आली होती. सासूबाई, चंदनबाई, आल्यागेल्याला कौतुकाने सांगत, ‘‘सूनबाईला वडिलांनी गिरणी घालून दिली.’’ चेलना हसून म्हणे, ‘‘कर्जाने, मम्मीजी.’’ त्या एका शब्दावर ती ताठ मानेने वावरत होती. आता कळत होतं की तो शब्द फक्त धुळ्यात होता. जळगावात तो कधी लिहिलाच नव्हता.

आणि वडिलांना बोलणार तरी कोण? मुलीच्या घरचं काही घ्यायचं नाही ही त्यांच्या घराण्याची रीत, आणि शेठजी ती अगदी शेवटच्या टोकापर्यंत पाळत. मुलीच्या घरचं पाणीसुद्धा नाही. धुळ्याला आले की स्टीलची बाटली बरोबर. लोकांना सांगत, ‘‘मला उकळलेलंच पाणी लागतं.’’ पाणी चेलनाकडेही उकळलेलंच असे, ती त्यांचीच मुलगी होती. गिरणीच्या ऑफिसात ते आले की ती न चुकता पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवी. ते गेले की भरलेला पेला आत जाई. दोघांपैकी कुणीही त्यावर कधी बोललं नव्हतं.

संध्याकाळी अर्हमचा फोन आला. हा धाकटा भाऊ, टायरच्या कंपनीचा मालक आणि मुंबईकरांना समूहात आणण्यासाठी सगळ्यात उतावळा. जीवरामांकडून त्याला सगळं कळलंच होतं.

‘‘जीजी, पुण्याचं घे. स्वस्तही आहे.’’

‘‘आणि फरक?’’

‘‘इतकी वर्षं होताच की. कुणाला दुखला? तू ते परदेशी घेतलंस तर बाऊजींना त्या लोकांसमोर ‘मान्य’ म्हणावं लागेल. मुलीकडून वसुली करतात अशी बाजारात बोलवा झाली तर ते मंदिरात जायचं बंद करतील.’’

‘‘आणि ते मान्य नाही म्हणाले तर?’’

‘‘तर तुझीच गिरणी दानातली ठरेल, तीही लेखी. म्हणून म्हणतो, झाकली मूठ राहू दे.’’

अर्हम वाईट नव्हता. त्याचं बरोबर होतं हीच तर पंचाईत होती. चेलनाने अहवाल लिहायला घेतला. आधी पुण्याच्या सॉफ्टवेअरची शिफारस केली. किंमत कमी, माणसं जवळची, शिकायला सोपं, सगळं खरं होतं. मग वाचून पाहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. जे सॉफ्टवेअर आपल्या बापलेकीचा फरक गिळतंय ते उद्या दुसऱ्या कुणाची चोरीही तसंच गिळेल, हे तिच्यातल्या सीएला स्वच्छ दिसत होतं. तिने अहवाल खोडला, परदेशी सॉफ्टवेअरसाठी पुन्हा लिहिला, आणि वडिलांचा उतरलेला चेहरा डोळ्यांपुढे येताच तोही बंद केला. बैठकीच्या दिवशी ती धुळ्याहून निघाली तेव्हा बॅगेत दोन्ही अहवाल होते. पारोळ्याला गाडी थांबवून तिने नुसतं सोडा-लिंबू घेतलं आणि तेही अर्धं टाकलं. एरंडोल मागे पडलं तरी तिचं ठरलेलं नव्हतं.

बैठकीत तिने बॅगेतून परदेशी सॉफ्टवेअरचा अहवाल काढला. दुसरा बॅगेतच राहू दिला. पडदा लावला, एकेक कंपनी दाखवत गेली, आणि शेवटी ती ओळ आली.

‘‘हे लाल काय आहे?’’ शेठजींनी विचारलं.

अर्हम पाणी प्यायला लागला. जीवराम टेबलाखाली काही पडलंय का ते बघू लागले. चेलनानेच उत्तर दिलं.

‘‘धुळ्यावर जळगावचं कर्ज आहे, बाऊजी. धुळं मान्य करतंय. जळगाव करत नाही.’’

मुंबईचे साहेब मोकळेपणाने हसले. ‘‘बाकी सगळीकडे याच्या उलट असतं!’’ मग आजूबाजूला कुणीच हसत नाही असं पाहून तेही गप्प झाले.

शेठजींनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा मुलीकडे पाहिलं. मग सकाळचे अकरा वाजलेले असताना ‘‘जेवणाची वेळ झाली’’ म्हणून उठून गेले.

त्यानंतर त्यांनी बोलणंच टाकलं. रोज सकाळी ढेपेचा, म्हणजे सरकीच्या पेंडेचा, भाव विचारायला त्यांचा फोन येत असे. भाव त्यांना आधीच ठाऊक असे, तो फोन नुसताच असे. तो बंद झाला. चेलना सकाळी फोन समोर ठेवून बसे. हिशेब तपासताना एकच पान दोनदा तपासून होई. नवरा अमन म्हणाला, ‘‘तू माफी मागून टाक, विषय संपव.’’ ती त्याच्यावर एवढी उखडली की तो बिचारा दोन दिवस जेवताना फक्त वर्तमानपत्राशी बोलत होता. आपण वडिलांना चारचौघांत खाली पाहायला लावलं, हे तिला खात होतं. आणि आपण बरोबर होतो, हे त्याहून जास्त खात होतं. महिना संपत आला होता. मुंबईहून रोज विचारणा होत होती की निवड काय झाली, आणि जळगाव उत्तर देत नव्हतं.

मग एके दिवशी उन्हं कलताना शेठजींची गाडी गिरणीच्या फाटकातून आत आली. फोन नाही, निरोप नाही. पांढरे कपडे, काखेत स्टीलची बाटली. ते चेलनासमोरच्या खुर्चीत बसले. तिने सवयीने पाण्याचा पेला आणून ठेवला.

‘‘तुझं ते सॉफ्टवेअर मला माझ्याच लेकीकडे वसुलीला पाठवतंय,’’ ते म्हणाले.

‘‘सॉफ्टवेअर नाही बाऊजी. मी पाठवतेय.’’

‘‘मुलीच्या घरचं आपण घेत नाही. माझ्या वडिलांनी घेतलं नाही. आता या वयात मी घेऊ?’’

‘‘हे घर नाही, गिरणी आहे. निम्म्याहून जास्त तुमच्याच कंपनीची आहे.’’

‘‘तू बसतेस ना इथे? मग घरच.’’ त्यांनी बाटली उघडून घोटभर पाणी घेतलं. ‘‘पुण्याचं घेऊन टाक. थोडा फरक राहिला तर राहिला. तेवढं आपल्याला झेपतं.’’

चेलनाला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि यातलं आधी काय येणार ते तिलाच कळेना.

‘‘अर्हमला टायरच्या कंपनीसाठी पैसे दिले, ते लिहिलेत?’’

‘‘लिहिले.’’

‘‘व्याज?’’

‘‘साडेनऊ.’’

‘‘आणि हप्ता चुकला तर?’’

‘‘चुकवेल कसा? दारात जाऊन उभा राहीन त्याच्या.’’

‘‘मग माझ्या दारात का नाही उभे राहत?’’ तिचा आवाज फाटला. ‘‘त्याला कर्ज दिलं आणि मला दान दिलं. मी रोज या ढेपेच्या वासात बसते, शेतकऱ्यांशी, व्यापाऱ्यांशी भांडते, गिरणी नफ्यात आणते. आणि तुमच्या हिशेबात मी अजून लग्नात दिलेल्या भांड्यांच्या रांगेत आहे. मला वाईट वाटतं बाऊजी. फार वाईट वाटतं.’’

बाहेर सरकीचा ट्रक मागे घेताना हमाल ओरडत होते. शेठजींनी बाटली तोंडाला लावली, शेवटचा घोट घेतला आणि झाकण फिरवत बसले. झाकण केव्हाच बसलं होतं तरी फिरवत राहिले. चेलनाने डोळे पुसले. आता ते उठतील आणि जातील, आणि पुन्हा धुळ्याला येणार नाहीत, अशी तिची खात्रीच झाली.

‘‘पैसे आहेत?’’ त्यांनी विचारलं.

आवाज वेगळा होता. हा आवाज तिने लहानपणी दुकानाच्या गादीवरून ऐकला होता, गिऱ्हाइकाशी बोलतानाचा.

‘‘आहेत. पहिला हप्ता परत आला तेव्हापासून सगळे बाजूला ठेवलेत.’’

‘‘कुठे?’’

‘‘मुदतीच्या ठेवीत.’’

‘‘किती टक्क्यांनी?’’

‘‘सात.’’

शेठजी खुर्चीत पुढे सरकले. ‘‘म्हणजे इतकी वर्षं माझ्या पैशावर तू सात टक्के खात बसलीस?’’

‘‘तुम्हीच परत पाठवले होते ना!’’

‘‘बापाने परत पाठवले. कंपनीने म्हटलं होतं का, नको म्हणून? कंपनीला कुणी विचारलं?’’ ते चांगलेच तापले होते. ‘‘लाव व्याज. पहिल्या दिवसापासून लाव. साडेनऊने.’’

‘‘साडेनऊ?’’ आता चेलनाही खुर्चीतून पुढे आली. ‘‘अर्हमची कंपनी दोनदा बुडता बुडता वाचली म्हणून त्याला साडेनऊ. माझा एक तरी हप्ता चुकलाय? आठ.’’

‘‘आठने बँकसुद्धा देत नाही.’’

‘‘मला देते. पत्र दाखवू?’’

‘‘बँक तारण घेते. मी काय घेतलंय? नुसता शब्द. नऊच्या खाली एक पैसा नाही.’’

दिवस मावळायला आला तसा दारात उखर्डू येऊन उभा राहिला. हा शेठजींचा म्हातारा ड्रायव्हर, धुळ्याकडचाच. शेठजी सूर्य मावळल्यावर पाणीही घेत नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि बाटलीकडे लक्ष ठेवणं हे तो गाडी चालवण्याइतकंच आपलं काम समजे.

‘‘शेठजी, दिन बुडाले उना. गाडीमा बी पानी नही शे, बठ्ठं सरनं. दुकानवरथीन लई येऊ का?’’

‘‘थांब रे जरा!’’ शेठजी त्याच्याकडे न बघताच म्हणाले. ‘‘हां, काय म्हणत होतीस? आठ? आठने मी जीवरामला तोंड कसं दाखवू?’’

‘‘जीवरामकाकांना तोंड दाखवायचं माझं बघा. मला पोचल्याची सही देत होते ते. साडेआठ. शेवटचं.’’

‘‘पावणेनऊ,’’ शेठजी म्हणाले. बोलून बोलून त्यांचा घसा सुकला होता. त्यांनी समोरचा पेला उचलला, वर करून तो एका दमात रिकामा केला, तोंड पुसलं आणि पेला टेबलावर आपटला. ‘‘पावणेनऊ. घ्यायचं तर घे.’’

चेलनाने पेल्याकडे पाहिलं. दारातल्या उखर्डूनेही पाहिलं आणि तो हळूच मागे सरकून दिसेनासा झाला. तिच्या ओठांवर आलेलं ‘साडेआठ’ तिथेच राहिलं. तिने संगणक पुढे ओढला, त्या रिकाम्या चौकोनात पावणेनऊ भरले आणि पडदा वडिलांकडे फिरवला.

शेठजींनी चष्मा लावून आकडा वाचला. मग जीवरामना फोन लावला. ‘‘जीवराम, धुळ्याचं येणं लिहा. हो, धुळ्याचंच. भेट खोडा. आणि ते बटण असतं ना, ते दाबा.’’ पलीकडून जीवराम बराच वेळ काहीतरी विचारत होते. ‘‘सांगतोय ना, दाबा!’’

थोड्या वेळाने लाल ओळ निघून गेली. शेठजी रिकामी बाटली काखेत घेऊन उठले, दारापर्यंत गेले आणि वळले. चेहऱ्यावर थोडी नाराजीच होती.

‘‘शेवटी भांडलीच नाहीस तू. साडेआठला तयार होतो मी.’’

‘‘माहीत होतं,’’ चेलना म्हणाली, आणि टेबलावरचा रिकामा पेला तिने स्वतः उचलून आत नेला.